बाटुमीचा डाव आणि आपल्या पोरी

बाटुमी हे जॉर्जियातलं काळ्या समुद्राकाठचं शहर. २८ जुलै २०२५ रोजी तिथे बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाचा शेवटचा निकाल लागायचा होता आणि पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीयच बसल्या होत्या. एकीकडे आंध्रातली कोनेरू हंपी, वय ३८. दुसरीकडे नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. हंपी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. इकडे पहिला श्रावणी सोमवार. स्वयंपाक तयार होता, घरातली माणसं उपवास सोडायला थांबली होती आणि मी नांदेडच्या घरात मोबाइलवर डाव बघत बसले होते.

शनिवारी दिव्याकडे पांढरी मोहरी होती. डाव जवळजवळ तिच्या हातात आला होता, तो निसटला आणि बरोबरी झाली. रविवारीही बरोबरी. म्हणून सोमवारी टायब्रेक, जलद डावांचा. प्रत्येकीला पंधरा मिनिटं आणि चालीमागे दहा सेकंद. पहिला डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात हंपी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होती, दिव्या काळ्या. पटावरची गर्दी कमी होत गेली आणि त्याहून वेगाने हंपीच्या घड्याळातली मिनिटं. बुद्धिबळात शेवटची अवस्था, म्हणजे एन्डगेम, सोपी दिसते, कारण सोंगट्या मोजक्या उरतात. प्रत्यक्षात तिथे एकेक घर मोजावं लागतं. राजा कुठून आत शिरेल, कोणतं प्यादं आधी पोचेल, एक चाल कमी पडली तर काय होईल, हे सगळं त्या दहा सेकंदांत बसवायचं. हंपी चुकली, सावरली, परत चुकली. मधे दिव्याचीही पकड सुटली होती. पण शेवटी पटावर जास्तीचं बळ तिचं राहिलं आणि हंपीने हात पुढे केला. दीड विरुद्ध अर्धा.

दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली. नंतर बोलताना तिने स्वतःच सांगितलं, की मला एन्डगेम अजून शिकायला हवा. विश्वचषक हातात आल्याच्या संध्याकाळी हे म्हणणारी मुलगी मला फार मोठी वाटली. त्या विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. महिलांमध्ये चौथी, आधी हंपी, हरिका आणि वैशाली. स्पर्धेला ती पंधरावं मानांकन घेऊन गेली होती. वाटेत तिने चीनच्या झू जिनर आणि तान झोंगयी यांना हरवलं, मधल्या फेरीत आपल्याच हरिकाला.

पेपरांनी दिव्याचे फोटो पहिल्या पानावर छापले, ते योग्यच झालं. पण माझ्या मनात त्या टेबलाची दुसरी बाजूही घर करून राहिली. हंपीने मधे खेळ थांबवला होता. २०१७ मध्ये तिला मुलगी झाली. त्यानंतर ती परत आली आणि २०१९ मध्ये मॉस्कोत जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. २०२४ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा तेच विजेतेपद. एक बाळंतपण, एक वाढतं लेकरू, आणि तरीही हा खेळ. मला तरी तिचं विश्वचषकाच्या अंतिम फेरीत असणं दिव्याच्या जिंकण्याइतकंच मोलाचं वाटतं.

कारण आपल्या भागात पोरींच्या हातून पट सुटतो तो दोन ठिकाणी. एकदा आठवी ते दहावीत आणि एकदा लग्नात. बाटुमीत समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीने पहिली जागा ओलांडली होती, दुसरीने दोन्ही.

माझं माहेर लातूर, सासर नांदेड. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाणाऱ्या रस्त्याच्या दोन टोकांना माझं आयुष्य आहे आणि दोन्ही टोकांना बुद्धिबळ खेळणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत. मध्यंतरी नांदेडच्या एका मंगल कार्यालयात शालेय मुलांची स्पर्धा होती. जेवणाच्या लांब टेबलांवर हिरवे-पांढरे रेक्झिनचे पट अंथरलेले, भिंतीवर पेअरिंगचा कागद चिकटवलेला, बाहेर पायऱ्यांवर आईबाप. एक सहावीतली मुलगी तिच्याहून डोकंभर उंच मुलाविरुद्ध खेळत होती. चालीच्या विचारात असली, की दोन्ही हात मांड्यांखाली घालून ती त्यांच्यावर बसायची. सोंगटीला हात लागला की ती खेळावीच लागते, म्हणून घाईच्या हातांना अशी शिक्षा. मग एक हात हळूच बाहेर यायचा, घोडा उचलायचा, ठेवायचा, घड्याळ दाबायचा, चाल कागदावर लिहायचा आणि पुन्हा मांडीखाली जायचा. मुलगा अस्वस्थ होऊन खुर्चीत हलत होता. तिने त्याचा वजीर आणि राजा एकाच घोड्याच्या कात्रीत धरला आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

बाहेर तिची आई भेटली. मी तोंड भरून कौतुक केलं. ती हसली आणि म्हणाली, "ताई, आता दोन वर्षं खेळू द्यायचं. आठवीला फाउंडेशनचा क्लास लावायचाय. एकदा नीटची परीक्षा झाली की मग काय खेळायचं ते खेळ म्हणलं तिला."

त्या आईला दोष द्यायची माझी मुळीच इच्छा नाही. लातूरच्या ट्यूशन एरियातून संध्याकाळी चालून पाहिलं, नांदेडला भाग्यनगर-श्यामनगरकडे पाहिलं, की त्या वाक्याचं वजन कळतं. पाठीवर सॅक घेतलेल्या पोरी, मेसचे डबे, अभ्यासिकांचे दिवे. कोरडवाहू जमिनीच्या भरवशावर लेकरू सोडता येत नाही, हे आपल्या दोन-तीन पिढ्या सोसून शिकल्या आहेत. अभ्यासाच्या लातूर पॅटर्नने शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, हमालांच्या घरात डॉक्टर आणले. त्याचा मला अभिमान आहे, मी त्याच शहराची लेक आहे.

तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दिव्याचे आईवडील दोघंही डॉक्टर आहेत. ज्या पदवीसाठी आपल्याकडे पोरीचा पट माळ्यावर जातो, ती त्या घरात आधीच होती. म्हणूनच कदाचित त्यांना मुलीला तिकडे न ढकलता खेळू देता आलं असेल. पुरेसा पैसा आणि मनाला स्वस्थता असली की असं धाडस जमतं. आपल्या भागातही आता ती स्वस्थता आलेली घरं आहेत. त्याच पॅटर्नमधून डॉक्टर झालेली, नांदेडला डॉक्टर लेनमध्ये, लातूरला मोठ्या रस्त्यांवर दवाखाने असलेली. पहिली अपेक्षा मी त्यांच्याकडूनच करते. तुमच्या पोरीला खेळ आवडत असेल, तर आठवीत तिचा पट मिटू नका.

दुसरी जागा लग्नाची. जॉर्जियात जुन्या काळी मुलगी सासरी जाताना तिच्यासोबत बुद्धिबळाचा संच द्यायची रीत होती, असं सांगतात. त्याच देशाने नोना गाप्रिंदाश्विली दिली, १९६२ ते १९७८ जगज्जेती राहिलेली, ग्रँडमास्टर किताब मिळवणारी जगातली पहिली स्त्री. तिच्यानंतर माया चिबुर्दानिद्झे, तीही जॉर्जियाचीच, १९९१ पर्यंत. एवढ्याशा देशात तीन दशकं हा मुकुट राहिला. आपल्याकडे रुखवतात काय काय मांडलं जातं ते मी वर्षानुवर्षं पाहते आहे. त्यात पट मी अजून पाहिलेला नाही.

आणि महाराष्ट्राला ही वाट नवी मुळीच नाही. १९७६ मध्ये मुंबईच्या रोहिणी खाडिलकरने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचं ठरवलं, तेव्हा विरोध झाला. तिचे वडील, 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर, न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धांपासून अडवता येणार नाही. रोहिणी पुढे १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. पुढे १९९१ मध्ये तो मान भाग्यश्री साठे-ठिपसेला मिळाला. अर्ध्या शतकापूर्वी एका मराठी बापाने मुलीच्या एका जागेसाठी एवढं केलं होतं.

आता मराठवाड्याची गोष्ट. ग्रँडमास्टर व्हायचं तर साधारणपणे तीन नॉर्म लागतात आणि २५०० रेटिंग. एका नॉर्मसाठी बहुधा नऊ डावांची स्पर्धा, त्यात निदान तीन ग्रँडमास्टर प्रतिस्पर्धी, काही परदेशी खेळाडू, आणि २६०० च्या तोडीची कामगिरी. विश्वचषक जिंकला तर किताब थेट मिळतो, म्हणून एकही नॉर्म नसताना दिव्या ग्रँडमास्टर झाली. पण ती वाट हजारातल्या एकीची. बाकीच्यांना नॉर्मच गोळा करावे लागतात, आणि त्यासाठी रेल्वेने, विमानाने परगावी, परदेशी जावं लागतं. प्रवास, हॉटेल, प्रवेश फी, प्रशिक्षक, आणि मुलगी असेल तर सोबत आई किंवा बाप. पगारदार घराची त्यात दमछाक होते, शेतकऱ्याच्या घराचं तर नावच नको.

दहा खेळाडूंची साखळी स्पर्धा, नऊ फेऱ्या, चार-पाच पाहुणे ग्रँडमास्टर, आठ-दहा दिवसांची राहण्या-जेवणाची सोय. एवढ्यात आपल्या गावात नॉर्मची स्पर्धा होऊ शकते. नांदेडला रेल्वेचं विभागीय मुख्यालय आहे, गुरुद्वाऱ्यामुळे देशभरातल्या पाहुण्यांना सांभाळायची सवय आहे. लातूरला मोठी महाविद्यालयं आहेत, त्यांची सभागृहं आहेत, दिवाळीत वसतिगृहं रिकामी असतात. दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, शिक्षण संस्था आहेत, वाढदिवसाच्या कमानींवर खर्च करणारे नेते आहेत. एकाने पुढाकार घ्यावा, दुसऱ्याने पुढच्या वर्षी घ्यावा. दहापैकी दोन जागा मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी ठेवाव्यात, त्यातली एक मुलीची. तिच्यासाठी वर्षभर एक चांगला प्रशिक्षक ठेवावा. आणि स्पर्धेची तारीख ठरवताना क्लासवाल्यांना आधी विचारून त्या आठवड्यात टेस्ट ठेवू नका म्हणावं. ते ऐकतील. त्यांनाही लेकरं आहेत.