दस्तरखानावरचं वांगं

आपल्या घरी पाहुणा आला की दस्तरखानावर भाजी दिसत नाही. एरवीही भाजी म्हणजे महिनाअखेरची मजबुरी, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेलं परहेज. 'मुसलमान म्हणजे गोश्त' असं कुणी म्हटलं की आपल्याला राग येतो. पण तेच समीकरण आपण अभिमानाने मिरवतोही. गोश्त सोडा, असं मी म्हणत नाही. कुणाच्या ताटात काय असावं हे दुसऱ्याने ठरवू नये, हेच माझं मत आहे. मात्र रोजच्या जेवणात भाजीला मानाची जागा मिळावी, आणि त्याची सुरुवात भाजी भाजण्यापासून करावी.

हल्ली 'रोस्टेड व्हेजिटेबल्स'चे ओव्हनमधले फोटो सगळीकडे फिरतात. बुलढाणा जिल्ह्याला त्यात नवल काय? घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोदकडे कापसाचा हंगाम सरला की पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली जातात. सोबत हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि भाकर. शेजारचा खानदेश भरितासाठी नावाजलेला. पण ती चव जिल्ह्याची हद्द पाहत नाही आणि माणसाची जातही. कुणी भरीत म्हणतं, आपण भुर्ता म्हणतो, एवढाच फरक.

वांग्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. जाळावर ते उडतं, चव दाट होते, साल करपून धुराचा वास आत मुरतो. सीख कबाबात आपल्याला जे आवडतं, त्यात या धुराचा वाटा मोठा असतोच ना!

रोज पऱ्हाटी कुठून आणणार? गॅसवर जाळी ठेवा किंवा लोखंडी तवा तापवा. टोमॅटो, कांदा, लसूण भाजून तुरीच्या डाळीत कुस्करा. भेंडी, फ्लॉवर, लाल भोपळ्याच्या फोडी थोड्या तेलावर खरपूस करून खिचडीसोबत वाढा. सालनात गोश्त थोडं कमी करून भाजलेलं वांगं घाला. गोश्त आणि भाजी एकत्र शिजवणं आपल्याला नवं नाही. दालच्यात दुधी असतोच.

आणि दुधीचं म्हणाल, तर सहीह बुखारीतली हदीस अनेकांनी ऐकली असेल. एका शिंप्याने पैगंबरसाहेबांना (स.) जेवायला बोलावलं. जवाची रोटी आणि सुकवलेलं गोश्त घातलेला दुधीचा रस्सा होता. ते भांड्यातून दुधीच्या फोडी वेचून खात होते. ते पाहिल्यापासून हजरत अनस (रजि.) यांनाही दुधी आवडू लागला. सुन्नतीचा एवढा आदर करणारे आपण ही सुन्नत मात्र सोयीने विसरतो.

आपल्या बाजारांत भाजीच्या दुकानावर कितीतरी बागवान दिसतात. म्हणजे विकण्यात आपण पुढे, खाण्यात मागे! जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खायला सांगते. शुगर आणि बीपीच्या गोळ्या ज्या घरांत रोज मोजल्या जातात, त्यांनी आपल्या ताटात यातलं किती असतं तेही एकदा मोजावं.

यात खरी अडचण बायकांची नाही, पुरुषांची आहे. ताटात भाजी पाहून 'ये क्या घासफूस' म्हणणारा बाप मुलांनाही तेच शिकवतो. या जुम्म्याला बिर्याणीशेजारी भुर्त्याची एक ताटली ठेवा. आणि वांगी भाजायला बापानेच गॅससमोर उभं राहावं.