उसाच्या पानाचा फोटो चांगला, मग पोराचा का नाही?



ऊस विकास अधिकाऱ्याने या पानावर बेणे, लागण, खताचा हप्ता आणि पाचट यांवरच लिहावे असा रिवाज आहे. या उन्हाळी अंकात मी पोरांच्या फोटोंवर लिहिणार आहे. 'साहेबांना हंगाम संपल्यावर काम उरलेलं दिसत नाही' असे पारावर कोणीतरी म्हणेल. म्हणू द्या. विषय माझ्या कामातूनच निघाला आहे.

गेली काही वर्षे तुम्ही मला मोबाईलवर उसाच्या पानांचे फोटो पाठवता. 'सायेब, हे काय पडलंय बघा.' सुरुवातीला त्या फोटोंत काही म्हणजे काही दिसत नसे. भर दुपारी उन्हात धरलेले पान, पांढरे फटक. तांबेरा आहे की नुसती अन्नद्रव्याची कमतरता, हे ओळखायला मला मोटारसायकल काढून बांधावर यावेच लागे. मग गटागटाच्या बैठकीत मी सांगत गेलो : पान आपल्या अंगाच्या सावलीत धरा, फोन जवळ न्या, काच पुसा, पडद्यावर पानाला बोट लावा आणि मग दाबा. दोन हंगामांत एवढा फरक पडला, की आता काही जणांच्या फोटोत तांबेऱ्याची पुळी न् पुळी मोजता येते.

आणि त्याच फोनमध्ये त्याच माणसाने काढलेला स्वतःच्या पोराचा फोटो बघावा! भर बारा वाजता पोरगं ट्रॅक्टरपुढे ताठ उभे केलेले, डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या, डोळ्यांखाली दोन काळे खड्डे. शेजारी बहीण अर्धी कापलेली. पानाला जी सावली दिली, ती पोराला का नाही? माझी तक्रार एवढीच आहे.

ही खोड आपल्याला लागली कशी, त्याला कारण आहे. ज्यांच्या घरी पूर्वी आगफा क्लिक थ्री किंवा तसला साधा कॅमेरा होता त्यांना आठवेल. एका रोलवर बारा फोटो, आणि त्या कॅमेऱ्यात प्रकाशाप्रमाणे फारसे कमी-जास्त करण्याची सोय नव्हती. फिल्मला भरपूर ऊन लागे. म्हणून काढणाऱ्याने सूर्य पाठीशी घ्यायचा आणि ज्याचा फोटो काढायचा त्याने उन्हाकडे तोंड करायचे, असा नियम होता. त्या काळात तो बरोबरच होता. सावलीत काढला तर फोटो काळा यायचा आणि रोल धुऊन आणल्यावर चुलत्यांच्या शिव्या पडायच्या. आता फोनला तेवढे ऊन लागत नाही. कॅमेरा गेला, रोल गेला, नियम मात्र घरात तसाच राहिला. 'सूर्याकडं बघ, हलू नको, हस!' उन्हाकडे बघून हसणे मोठ्या माणसालाही जमत नाही; करून बघा.

त्यात आपला महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली. मे महिन्यात दुपारी सूर्य अगदी टाळूवर येतो. कोल्हापूरकडे मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास आणि पुण्याकडे १३-१४ मेच्या आसपास एक दिवस असा असतो, की साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली काठीच्या बुडातच राहते. शाळेतील गुरुजी मुलांना तो शून्य सावलीचा दिवस म्हणून दाखवतात. असे ऊन वरून पडले की भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर पडते. चेहरा पोराचा राहत नाही, मुखवट्यासारखा दिसतो. शिवाय त्या वेळी लहान लेकराला उन्हात उभे करणे तब्येतीलाही बरे नव्हे.

हे शहाणपण मला आधीपासून होते असे समजू नका. मी पानांचे धडे देत होतो तेव्हा माझ्याही हातून हीच चूक झाली, आणि ती अजून सलते.

तीन वर्षांपूर्वी गाळप संपले आणि तोडणीच्या टोळ्या परत निघाल्या. तळावर बीडकडची एक टोळी ट्रकमध्ये भांडी-कुंडी, कोप्यांचे सामान भरत होती. मुकादम म्हणाला, 'साहेब, लेकरांचा एक फोटो काढून ठेवा. आमच्या फोनाचा कॅमेरा फुटलाय.' दुपारचा एक वाजला असेल. मी आठ-दहा पोरांना ट्रकच्या सावलीच्या कडेला ओळीने उभे केले. पाठीमागे तोडलेले मोकळे रान, उन्हात पांढरे तळपणारे. फोनने त्या रानाचा उजेड धरला आणि पोरे काळी आली. फोनचा पडदा मला उन्हात दिसतच नव्हता. आला असेल चांगला, असे समजून मी निघालो.

पावसाळ्यात तालुक्याला जाऊन त्याच्या प्रती काढल्या. पुढच्या हंगामात टोळी आली तेव्हा तळावर नेऊन वाटल्या. एका बाईने प्रत हातात घेतली, जवळ धरली, लांब धरली, उलटी करून पाहिली. मग मला विचारले, 'साहेब, ह्याच्यात माही पोरगी कोन्ती?' तिने त्या वर्षी मुलीला शाळेसाठी गावी आजीजवळ ठेवले होते. सहा महिने भेट नाही. मी बोट ठेवले, पण खरे सांगायचे तर मलाही खात्री नव्हती. परकराच्या रंगावरून सांगितले.

त्या बाईला आता दुसरा फोटो कुठून आणून देऊ? पोरगी वर्षाने वाढली. त्या वयाची ती पुन्हा व्हायची नाही. बेणे उगवले नाही तर आपण नांग्या भरतो. इथे ती सोय नाही.

म्हणून आता थोडे कामाचे. उन्हाळ्यात उगवतीपासून आठ-साडेआठपर्यंत आणि सायंकाळी साडेपाचनंतर ऊन तिरके व मऊ असते. फोटो तेव्हा काढा. पोरे त्या वेळी तशीही अंगणात असतातच. दुपारीच काढायचा झाला तर पोराला पडवीत, गोठ्याच्या दारात किंवा आंब्याखाली घ्या. तोंड सावलीत, पण उजेडाकडे वळलेले हवे. पाठीमागे उन्हातले रान नको. कुडाची भिंत, कडब्याची गंजी, उभा हिरवा ऊस असे काही असावे. बाभळीखाली किंवा कडुनिंबाखाली काढू नका, पानांतून उतरलेले कवडसे तोंडावर देवीच्या वणांसारखे दिसतात. आंब्याची सावली दाट, ती चालते. चेहरा तरीही काळा वाटला तर एक गावठी युक्ती आहे. खताचे रिकामे पांढरे पोते नीट धुऊन पोरासमोर उन्हाच्या पट्ट्यात जमिनीवर पसरा. त्याचा उजेड खालून तोंडावर येतो आणि डोळे उजळतात. (पोते खरोखर धुऊन घ्या. युरियाने लेकराचे डोळे चुरचुरायला नकोत.)

फोन सदऱ्याच्या खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी असतो, त्यामुळे काचेवर कायम एक थर असतो. सुती कापडाने पुसा. निम्मे धुरकट फोटो तेवढ्यानेच सुधारतील. लांबून ओढून जवळ आणण्यापेक्षा चार पावले चालत जा, आणि खाली बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत पोराचा भांग दिसतो, पोर दिसत नाही. पानाला टेकवता तसे बोट पोराच्या चेहऱ्यावर टेकवा, मग फोन उजेड त्या जागेचा धरतो.

ओळीत उभे करणे मात्र सोडून द्या, असे माझे स्पष्ट मत आहे. ओळ ही हजेरीला. त्यातही थोरला नातू मधे आणि मुली कडेला, हे मी कितीतरी घरांत पाहिले. आणि मग कडेच्याच कापल्या जातात. पोरगी शेळीच्या करडाशी खेळत असेल, पोरगं कैरीला मीठ लावत असेल, ते चालू द्या. हाक मारू नका. दहा काढा, नऊ पुसून टाका. खर्च शून्य आहे, बारा फोटोंचा हिशेब आता नाही.

सायंकाळी खोडव्याला तुषार संच चालू असेल आणि पोरे त्याखाली पळत असतील, तर एवढ्यापुरता नियम उलटा करा : सूर्य पोरांच्या पाठीमागे घ्या. पाण्याचा थेंब न् थेंब पेटल्यासारखा दिसतो. पण फोटोसाठी म्हणून पाणी सोडू नका. पाळी असेल त्या दिवशीच काढा. एका सभासदाने मला पाचटाच्या धुरात उभ्या केलेल्या पोराचा फोटो पाठवला, 'ढगातल्यासारखा येतो' म्हणून. त्यांना मी जे उत्तर दिले ते इथे छापत नाही. पाचट जाळू नका हे मी या पानावर दरवर्षी लिहितो, यंदा असे लिहायची वेळ आली.

एका गोष्टीवर मात्र हसण्यावारी नेणार नाही. विहिरीच्या काठावर, कालव्याच्या कडेला, शेततळ्याच्या कागदावर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोराला बसवून फोटो काढू नका. काढणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात, पोरावर नसतात. तो 'जरा मागं सर' म्हणतो आणि पोर ऐकते. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद ओला झाला की त्यावरून मोठ्या माणसालाही वर चढून येता येत नाही.

आणि वर्षातून निदान पाच फोटो छापून घ्या. फोन कालव्यात पडतो, बदलतो, पोरगंच खेळता खेळता सगळे पुसून टाकते. तालुक्याच्या स्टुडिओत प्रत अजून निघते. मागे तारीख आणि वय शाईने लिहा. शेअरचा दाखला ज्या ट्रंकेत ठेवता त्याच ट्रंकेत ठेवा.

या खेपेस टोळ्या निघाल्या त्या दिवशी मी सकाळी साडेसहालाच तळावर गेलो. एकेक पोर वेगळे घेतले, कोपीच्या दारात, उगवतीकडे तोंड करून. ती बाई होती. तिची मुलगी परीक्षेमुळे गावीच होती, तेव्हा तिने स्वतःचाच काढून मागितला, लेकीला दाखवायला. एकूण चौदा फोटो झाले. प्रती गट कार्यालयात पाकिटात ठेवल्या आहेत आणि प्रत्येकावर मुकादमाला विचारून नाव लिहिले आहे. पुढच्या हंगामात टोळी आपल्याकडेच आली तर वाटता येतील. नाही तर पत्ता मुकादमाकडून घेतला आहे, टपालाने धाडीन.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग