रोपाबरोबर नोंदवहीही द्या

आज 1 जुलै. 1998 साली याच दिवशी वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. वसंतराव नाईकांच्या जयंतीमुळे हाच कृषी दिन आणि वनमहोत्सवाचा प्रारंभही आजच. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून 5 जूनचा पर्यावरण दिन सुट्टीतच सरतो. आमच्या मुलांचा खरा पर्यावरण दिन हाच. आज कारंजापासून रिसोडपर्यंत शाळांच्या आवारात रोपे लागतील, छायाचित्रे निघतील.

ती रोपे लावणाऱ्या आठवी-नववी-दहावीच्या मुलामुलींना काय वाटते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. त्यांचे उत्तर पुस्तकी नसते. उन्हाळ्यात तळ गाठणारी विहीर, पाण्याच्या खेपांत जाणारी सकाळ, पेटवलेल्या धुऱ्यांसोबत होरपळणारे कडुनिंब, नाल्यात तुंबलेले प्लास्टिक हे सारे त्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. 2021 मध्ये 'द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये भारतासह दहा देशांतील 16 ते 25 वर्षांच्या 10,000 तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात 59 टक्के जणांनी हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते, असे सांगितले. अशा काळजीला भाषणाने धीर येत नाही. हाताला खरे काम लागते.

ते काम आपल्या मातीतच आहे. वाशिम हा नद्यांच्या उगमाचा जिल्हा. काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेमार्गे तापीकडे जाते. अडाण, अरुणावती पैनगंगेच्या वाटेने गोदावरीच्या खोऱ्यात उतरतात. पाणी दोन्ही अंगांनी निघून जाते आणि खालचा काळा पाषाण ते फारसे मुरू देत नाही. त्यामुळे पाऊस किती पडला याइतकेच पाणी किती थांबले, हे मोजणे मोलाचे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. गावातल्या इतर विहिरींची पातळी मोठ्यांच्या देखरेखीखाली दर पंधरवड्याला दोर आणि टेप घेऊन मोजणे नववीच्या मुलांना सहज जमेल. 'जलसुरक्षा' हा विषय शाळेत आला, तो अशाच मोजणीने अंगी लागेल.

झाडांचेही तेच. 1 जुलै 2016 रोजी राज्याने एका दिवसात 2 कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले. पुढच्या वर्षांत ते 4, 13 आणि 33 कोटींवर गेले. लावलेल्या रोपांचे आकडे गाजतात. जगलेल्या रोपांची नोंद गावोगावी कोण ठेवणार? शाळेतल्या हरित सेनेकडे ती वही द्यावी. कोणते रोप उन्हाने गेले, कोणते गुरांनी खाल्ले, कोणते पाण्यावाचून वाळले, हे मुले बिनचूक लिहितील.

पण नोंदी करवून घेऊन मोठ्यांना मोकळे होता येणार नाही. धुरा पेटवणारा हात मोठ्यांचा, नव्या बोअरचा निर्णयही मोठ्यांचाच. ग्रामसभेत मतदारालाच स्थान असल्याने पंधरा वर्षांच्या मुलीला तिथे मत नाही, आणि गावातल्या पाण्याचे उद्याचे हाल मात्र तिलाच सोसायचे आहेत. म्हणून सरपंचांनी आणि मुख्याध्यापकांनी एवढे करावे: 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलांची वही त्यांच्याकडूनच वाचून घ्यावी, सुचवलेल्या प्रत्येक उपायावर होकार किंवा नकार कारणासह इतिवृत्तात लिहावा आणि पुढच्या सभेत त्याचा हिशेब द्यावा. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचे लेखी उत्तर गावाने दिले, तर या जिल्ह्याच्या वर्धापनदिनी याहून मोठी भेट नाही.