मान मिळाला, मैदान कुठाय?

२९ ऑगस्ट २०२० ला, कोरोनाच्या काळात, ऑनलाइन सोहळ्यात आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी आला. त्याआधी १९९८ मध्ये कर्नाटकच्या शोभा नारायण यांना मिळाला होता. मधल्या बावीस वर्षांत या देशात खो-खो खेळणारं कुणी लायक नव्हतं, असं म्हणायचं का? मातीत खेळल्या जाणाऱ्या, टीव्हीवर न दिसणाऱ्या, गोरगरिबांच्या पोरांच्या खेळाकडे दिल्लीला बघायचंच नव्हतं, असं आम्ही म्हणतो.

पुरस्कार जाहीर झाल्यावर सारिका काळे यांनी वृत्तसंस्थेला सांगितलं होतं की जवळपास दहा वर्षं त्यांनी एक वेळच्या जेवणावर काढली. आई शिवणकाम करायची. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं, आणि त्याच वर्षी घरच्या ओढाताणीला कंटाळून त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी ही गोष्ट नंतर सांगितली. समजूत काढल्यावर त्या परत मैदानावर आल्या. पुढे तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाल्या.

वर्तमानपत्रांनी ही कहाणी 'जिद्दीची गाथा' म्हणून छापली. आमचा आक्षेप त्या शब्दाला आहे. देशाची कर्णधार एक वेळ जेवून खेळते, ही जिद्द खेळाडूची आणि लाज व्यवस्थेची. आपण गाथा वाचतो, बॅनर लावतो, फेटा बांधतो आणि लाजेचा हिशेब कुणाकडेच मागत नाही. एक सारिका काळे टिकल्या. कळंब, वाशी, भूम भागातल्या ज्या मुली दिवाळीच्या तोंडावर आईबापाच्या मागे ऊसतोडीला गेल्या आणि शाळेच्या संघातून कायमच्या गळाल्या, त्यांची गाथा कोण छापणार? शालेय स्पर्धांचा हंगाम आणि कोयत्याचा हंगाम एकमेकांवर येतात. पोरगी तालुक्याला जिंकते, आणि पुढच्या फेरीच्या दिवशी ती कारखान्याच्या तळावर कोपीत भाकरी थापत असते.

मान आणि हक्क यांतला फरक या जिल्ह्याला बाबासाहेबांनी फार पूर्वी सांगितला आहे. १९४१ साली कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली, बाबासाहेब आले. वतन म्हणजे तरी काय होतं? गावाने दिलेला एक 'मान'च. सणावाराला, जत्रेला तुमचा मान ठरलेला, आणि त्या बदल्यात रात्रंदिवस फुकट राबणं. आपल्या लोकांना तो मान सोडवत नव्हता. बाबासाहेब सांगत होते, हा मान नव्हे, ही बेडी आहे, फेकून द्या. आज खेळातल्या सन्मानांकडे बघताना आम्हाला तडवळं आठवतं. पुरस्कार बेडी आहे असं आमचं म्हणणं नाही; खेळाडूने घामाने मिळवलेला तो आहे आणि त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण मान देऊन हक्काचा विषय मिटवायची जी जुनी रीत आहे, ती इथेही चालते.

आणि पुरस्कारांची नावं बघा. खेळाडूला अर्जुन, १९६१ पासून. प्रशिक्षकाला द्रोणाचार्य, १९८५ पासून. खो-खो महासंघ पुरुषांतल्या सर्वोत्तम खेळाडूला जो पुरस्कार देतो त्याचं नाव एकलव्य. म्हणजे ज्याचा अंगठा कापला त्याच्या नावाने खेळाडू गौरवायचा, ज्याने कापून घेतला त्याच्या नावाने गुरू गौरवायचा, आणि ज्याच्यासाठी कापला त्याच्या नावाने देशाचा सन्मान द्यायचा! महाराष्ट्र सरकारने तर दिव्यांग खेळाडूंच्या पुरस्काराला एकलव्याचं नाव दिलं होतं. त्या फाइलवर सही करताना कुणाला काही टोचलं नसेल का? नावं बदलता येत नाहीत असं कुणी सांगू नये. खेलरत्नाचं नाव २०२१ मध्ये बदललं. ध्यानचंद जीवनगौरव काढून तिथेही 'अर्जुन' आणला. बदल होतो, दिशा कुठली हाच प्रश्न असतो.

आम्ही इथे कुठल्याही खेळाडूची जात शोधायला बसलेलो नाही. तो धंदा बाकीच्यांचा आहे. ऑलिम्पिकमध्ये आपली मुलगी जिंकली की देशातले लोक इंटरनेटवर आधी तिची जात शोधतात. आमचा मुद्दा दार कुणासाठी उघडं असतं हा आहे. पळवणकर बाळू हे नाव आजच्या किती पोरांना माहीत आहे? चांभार समाजातला हा गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या आणि मग हिंदूंच्या क्लबात खेळला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्ण हातात घेत, पण त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्याला कधी दिलं नाही. भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळालं. पुढे हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात उभा केला. बाबासाहेब जिंकले. आपल्या माणसाचा मोठेपणा आपल्याच विरोधात कसा वापरला जातो, याचं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. लॅक्रॉस नावाचा खेळ आहे, जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा. तो उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांचा, हौडेनोसौनी राष्ट्रांचा. १८६७ मध्ये कॅनडातल्या एका गोऱ्या दंतवैद्याने त्याचे नियम लिहिले आणि १८८० मध्ये तिथल्या संघटनेने मूळनिवासींनाच स्पर्धेतून बाहेर काढलं. कारण काय, तर ते पैसे घेऊन खेळतात! गरिबाने प्रवासखर्च मागितला की तो 'व्यावसायिक' ठरतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ येतोय आणि हौडेनोसौनींना स्वतःच्या झेंड्याखाली खेळण्यासाठी अजून भांडावं लागतंय.

आपला खो-खोही आता मोठा होतोय. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं. त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. महाराष्ट्राने आपल्या विजेत्यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. कर्नाटकने पाच लाख जाहीर केल्यावर तिथल्या दोन खेळाडूंनी ते नाकारले आणि महाराष्ट्राकडे बोट दाखवलं. चांगली गोष्ट आहे, आम्ही स्वागत करतो. पण खेळ मातीवरून मॅटवर गेला, आणि मॅट ग्रामपंचायतीच्या शाळेला परवडत नाही. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग आली, मोठमोठ्या कंपन्यांचे संघ आले, आणि पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे झाले. देशासाठी सुवर्ण आणणाऱ्या मुलींना संघनिवडीत उभं राहण्याइतकीही जागा नव्हती. सव्वादोन कोटी जिंकल्यानंतर मिळतात. जिंकण्याआधीच्या दहा वर्षांची दुसऱ्या वेळची भाकरी कोण देणार?

आता थोडं आपल्याबद्दल. दरवर्षी १४ एप्रिलला वर्गणी होते, डीजे येतो, रात्रीत लाखभर रुपये हवेत जातात. ज्या चळवळीत १९२७ ला समता सैनिक दल उभं राहिलं, कवायत आणि शिस्त होती, त्या चळवळीच्या वस्तीत आज पोरांना पळायला जागा नाही आणि आपल्याला त्याचं काही वाटतही नाही. खो-खोला लागतं काय? दोन खांब आणि २७ बाय १६ मीटर जागा. गावात गायरान आहे, ते कुणी दाबलंय हेही सगळ्यांना माहीत आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान बंधनकारक आहे. खेळ हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीतला विषय आहे, म्हणजे 'केंद्राने निधी दिला नाही' ही सबब चालत नाही. दलित वस्ती सुधार योजनेचा पैसा दरवर्षी त्याच त्या गटारीवर आणि त्याच ठेकेदारावर जातो. क्रीडा खात्याची क्रीडांगण विकासाची अनुदान योजना वेगळी आहे. केंद्राने आपला जिल्हा 'आकांक्षित' म्हणून निवडला आहे. मग त्या आकांक्षेत वस्तीतल्या पोरीचं मैदान कुठल्या पानावर आहे, हे माहिती अधिकारात विचारायला पोस्टाच्या तिकिटाचा आणि दहा रुपयांचा खर्च येतो.

२६ जानेवारीला ग्रामसभा असते. शाळेच्या मैदानाची मोजणी, गायरानावरचं अतिक्रमण आणि वस्तीच्या निधीचा तीन वर्षांचा खर्च, हे तीन विषय आधी लेखी देऊन ठेवा. पोच घ्यायला विसरू नका. त्या दिवशी मुलींना सोबत न्या, आणि ठराव इतिवृत्तात लिहून झाल्याशिवाय उठू नका.