शर्यतीचा रस्ता आणि आपला रस्ता

आपल्या मॉरिशसमध्ये तरुण मुलांना मोटारसायकलचे वेड आहे, ही गोष्ट नवी नाही. वेड असणे हा गुन्हाही नाही. पण रात्री वर्दळ कमी झाली की चार मुले एकत्र जमतात, मोटर-वेवर आपसांत शर्यत लावतात, आणि त्यांतला एखादा घरी परत येत नाही, ही गोष्ट मात्र आम्हाला स्वस्थ बसू देत नाही. अशा प्रसंगानंतर दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. काही म्हणतात, "मुले बिघडली, त्यांना जबर दंड करा." काही म्हणतात, "नशिबात होते." आमच्या मते एवढ्याने भागत नाही. या मुलांना ज्या शर्यतपटूंचे कौतुक वाटते, ते शर्यतपटू शर्यतीच्या दिवसांत खरोखर काय करतात हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नाही. आज तेच सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. आकाराने ते आपल्या बेटाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. तिथे १९०७ साली मोटारसायकलींची टी.टी. शर्यत सुरू झाली आणि ती आजही होते. तिच्या डोंगरी मार्गाची एक फेरी सुमारे ६०.७ किलोमीटरची आहे. आपल्या काप माल्यूरेपासून सुयाकपर्यंत सरळ रेषा ओढली, तर जवळजवळ तेवढीच भरेल. हा मार्ग म्हणजे एखादे खास मैदान नाही. गावांतून, घरांच्या व दगडी कुंपणांच्या अगदी जवळून जाणारा तो नेहमीचा रस्ता आहे.

या मार्गावर नाव गाजवलेल्यांपैकी एक म्हणजे माइक हेलवुड. १९६७ साली एकाच आठवड्यात त्याने २५० आणि ३५० सी.सी.च्या शर्यती जिंकल्या. राहिली ५०० सी.सी.ची, १६ जूनची. हेलवुड होंडावर, आणि इटलीचा जाकोमो अगोस्तिनी एम.व्ही. अगुस्तावर. चुरस सुरू असतानाच हेलवुडच्या गाडीची ॲक्सिलरेटरची मूठ सैल होऊन दांड्यावरून सरकू लागली. पेट्रोल घेण्यासाठी तो थांबला, तेव्हा हातोड्याने ठोकून ती बसवली आणि पुन्हा निघाला. त्याच शर्यतीत त्याने ताशी १०८.७७ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर वेगाने एक फेरी केली. तो विक्रम १९७५ पर्यंत टिकला. तरी पाचव्या फेरीत अगोस्तिनी पुढेच होता. तेवढ्यात त्याच्या गाडीची चेन तुटली आणि हेलवुड जिंकला. जगातले दोन उत्तम स्वार, उत्तम कारखान्यांची यंत्रे, आणि निकाल लागला एका चेनमुळे.

अकरा वर्षांनी, १९७८ साली, हेलवुड पुन्हा त्या बेटावर आला. वय ३८, मधल्या काळात मोटारींच्या शर्यतीत पाय जबर दुखावलेला. शनिवारी, ३ जूनला, डुकाटीवर सहा फेऱ्यांची शर्यत त्याने जिंकली. लोकांना हा शनिवार आठवतो. पुढचे दिवस फारसे कोणी सांगत नाही. सोमवारच्या शर्यतीत, यामाहाचे हँडल थरथरू नये म्हणून बसवलेला भाग तुटला आणि तो अठ्ठाविसावा आला. २५० सी.सी.च्या शर्यतीत बारावा आला. अखेरच्या शर्यतीत इंजिनाने दगा दिला आणि ती अर्ध्यावर सोडावी लागली. एका आठवड्यात एक विजय आणि तीन वेळा निराशा! पण तो धडधाकट राहिला, म्हणूनच पुढच्या आठवड्यात इंग्लंडमध्ये मॅलरी पार्कच्या मैदानावर पुन्हा जिंकू शकला.

आमच्या विद्यार्थ्यांपुढे ही हकीकत ठेवायची ती शनिवारच्या विजयासाठी नव्हे, पुढच्या दिवसांसाठी. शर्यतीपूर्वी प्रत्येक गाडीची तपासणी होते. तीत जी उतरत नाही तिला रस्त्यावर सोडत नाहीत. फेरीच्या वाटेवर जागोजाग निशाण घेतलेली माणसे उभी असतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कायद्याने रस्ता बंद केलेला असतो. समोरून लॉरी येत नाही, गल्लीतून कोणी म्हातारी आजी रस्ता ओलांडत नाही. गाडी बिघडली तर स्वार कडेला थांबतो, आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

कोणी म्हणेल, एवढे सगळे असूनही तिथे माणसे मरतातच ना? खरे आहे. त्या डोंगरी मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांचे प्राण गेले आहेत. १९७८ च्या त्या आठवड्यातही गेले. तशी शर्यत आपल्या बेटावर व्हावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, तपासलेली गाडी, बंद रस्ता आणि वर्षांचा सराव असूनही जिथे एवढे प्राण जातात, तिथे झिजलेले टायर आणि सैल चेन घेऊन, उघड्या रस्त्यावर, रात्रीच्या अंधारात धावणाऱ्या मुलाने कशाच्या भरवशावर धावावे?

वर्गात गणित शिकवताना हेही शिकवता येते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. धावत्या गाडीची चेन तुटून अडकली, तर मागचे चाक जागच्या जागी जाम होऊ शकते. अगोस्तिनीची चेन तुटली तेव्हा त्याने शर्यत गमावली. आमच्या मुलाची तुटली तर तो काय गमावील, हे सांगायला नको.

आणि हेलवुडचा शेवट कसा झाला? २१ मार्च १९८१ रोजी तो आपल्या दोन मुलांना घेऊन, घरच्यांसाठी तळलेले मासे आणि बटाटे आणायला साध्या मोटारीने निघाला होता. एका लॉरीवाल्याने मनाई असलेल्या ठिकाणी गाडी वळवली. लहान मुलगी जागीच गेली, आणि दोन दिवसांनी हेलवुडही गेला. वय चाळीस. टी.टी.च्या त्या भयंकर मार्गावर चौदा शर्यती जिंकलेला हा माणूस रोजच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या चुकीने मरण पावला. उघड्या रस्त्यावर आपल्या कौशल्याने सर्व काही होते असे ज्या मुलांना वाटते, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता उपाय. पोलिसांनी दंड करावा. त्याला आमचा विरोध नाही. पण नुसत्या दंडाने वेड जात नाही, ते दुसऱ्या रस्त्यावर जाते. आपल्या पोर्ट लुईमध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी १८१२ पासून शां द मार्सचे मैदान आहे. तिथे कुंपण आहे, नियम आहेत. घोड्यांसाठी जे दोनशे वर्षांपूर्वी सुचले, ते आपल्या मुलांसाठी का सुचू नये? राखलेली जागा असावी, गाडी तपासून आणि हेल्मेट पाहूनच आत घ्यावे, आणि शिकवायला जाणते माणूस असावे. ज्यांना इंजिनाची गोडी आहे त्यांना शाळेतच पाना हातात धरायला शिकवावे. परीक्षेत मागे पडणारा मुलगा पुष्कळदा गॅरेजमध्ये पहिला असतो, हे आम्ही शिक्षकांनी पाहिले आहे. त्याच्या हाताला मान मिळाला, तर मान मिळवायला त्याला मध्यरात्री रस्त्यावर जावे लागणार नाही.

सरकार जागा देईल तेव्हा देईल. तोपर्यंत आई-वडिलांनी एवढे करावे : मुलाला गाडी घेऊन दिली असेल तर आठवड्यातून एकदा त्याच्याबरोबर अंगणात बसून चेन, ब्रेक, टायर आणि दिवे पाहावेत. ज्यांना यंत्रातले कळत नाही त्यांनी मुलालाच समजावून सांगायला सांगावे. तो आनंदाने सांगेल. आणि काही बिघाड दिसला, तर दुरुस्त होईपर्यंत त्याला बसने पाठवावे. मुलगा कुरकुर करील. करू द्यावी.