राखेने अडवलेले आकाश

आइसलँडमधल्या त्या ज्वालामुखीचे नाव उच्चारताना आपली जीभ अडखळते : एयाफ्यात्लायोकुत्ल. १४ एप्रिल २०१० रोजी तो बर्फाच्या थराखालून उसळला. वितळलेल्या बर्फाचे पाणी आणि तप्त शिलारस यांची गाठ पडली आणि काचेच्या चुऱ्यासारखी बारीक राख वाऱ्याबरोबर युरोपवर पसरली. आठवडाभरात सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली, जवळपास एक कोटी प्रवासी खोळंबले. आकाश निरभ्र दिसत असताना विमाने का अडवता, असा गिल्ला झाला.

प्रश्न स्वाभाविक होता. पण १९८२ साली जावा बेटावरच्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या जम्बो विमानाची चारही इंजिने बंद पडली होती. राख इंजिनात वितळते आणि आत काचेसारखी चिकटते. इंजिने पुन्हा सुरू झाली, म्हणून ते विमान जाकार्ताला सुखरूप उतरले. नशिबावर हवाला ठेवून रोज विमाने उडवता येत नाहीत.

मला खुपते ते वेगळेच. अडकलेल्या प्रवाशाला युरोपच्या कायद्याने जेवण आणि निवारा तरी मागता येत होता. केनियातल्या मळ्यांवर मात्र विमानाअभावी फुले फेकून द्यावी लागली. विमानात कधी पाऊलही न टाकलेल्या तिथल्या मजुराने आपली बुडालेली रोजी कोणाकडे मागायची?

आकाश बंद करणे शहाणपणाचेच होते. पण सगळ्यांच्या सावधगिरीची किंमत सर्वांत दुबळ्याच्या ताटातून वसूल होऊ नये, एवढे भान हवे.