दीड तासात नागपूर, म्हणे!

पुण्यात नोकरी करणाऱ्या वैदर्भीयांत एक नवी जमात तयार झाली आहे. दिवाळीला गावी कसे जाणार, असं विचारलं की ही मंडळी मान जराशी ताठ करून सांगतात, "फ्लाइटने. दीड तासात घरी." दीड तासात विमान पोचतं हो, तुम्ही नाही. कोथरूडहून संध्याकाळी लोहगाव गाठायचं म्हणजे सव्वा तास हातचा धरावाच लागतो. दोन तास आधी हजर राहा, हा मेसेज आलेलाच असतो. 2024 मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, चकचकीत आहे, पण मेट्रो अजून तिथवर गेलेली नाही. ती रामवाडीला तुम्हाला उतरवते आणि पुढे तुम्ही, तुमची बॅग आणि रिक्षावाल्याची मर्जी. उपराजधानीत 'एअरपोर्ट' नावाचं मेट्रो स्टेशन आहे खरं, पण ते वर्धा रोडवर आणि टर्मिनल पलीकडे आत. मेट्रो बांधताना विमानतळ कुठे आहे हे कुणी विचारलं नसावं. सामानाचा पट्टा, टॅक्सी, सगळं धरून दारापासून दारापर्यंत साडेपाच-सहा तास सहज होतात.

आणि तरीही विमानच जिंकतं. माझ्यासारख्या रेल्वेवेड्याला हे लिहिताना दातओठ खावे लागतात. पण त्याच्यासमोर उभं कोण आहे, ते पाहा. 2025 च्या ऑगस्टमध्ये वाजतगाजत पुणे-अजनी (नागपूर) वंदे भारत सुरू झाली. अंतर 881 किलोमीटर, वेळ 12 तास. भागाकार करा, ताशी 73 येतात. 160 च्या वेगाने धावू शकणारी गाडी आपण 73 ने चालवतो आणि तिच्यासमोर सेल्फी काढतो. बरं, डब्यात आडवं व्हायची सोय नाही. सकाळी खुर्चीत बसायचं ते दिवस मावळल्यावरच पाठ सरळ करायची. शेगावपर्यंत पोचेस्तोवर माणसाला गजानन महाराजांची आठवण भक्तीने येते की कंबरदुखीने, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

रेल्वेचा खरा हुकमाचा एक्का आहे रात्र. संध्याकाळी पुण्यात चढावं, दौंडच्या पुढे डबा उघडावा, चादर ओढून झोपावं आणि बडनेरा-वर्ध्याच्या आसपास चहावाल्याच्या हाकेने जाग यावी. पंधरा तास लागले तरी त्यातले आठ झोपेतच जातात. दिवस बुडत नाही, हॉटेलचा खर्च वाचतो, स्टेशन भर शहरात. असा सौदा कुठलीही विमान कंपनी देऊ शकत नाही.

पण तिकीट? तिकीट कुठाय?

पूर्वी 120 दिवस आधी आरक्षण करता यायचं, नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस. दिवाळीच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं त्या दिवशी सकाळी आठला घरातले सगळे मोबाईल कामाला लागतात. नावं भरून होतात, पैसे भरायच्या पानावर चकरी फिरत राहते आणि ती थांबते तेव्हा वेटिंग लिस्टचा शंभरच्या वरचा आकडा समोर येतो. मग तत्काळ. तिथे आता आधारची पडताळणी आली, दलालांना चाप बसावा म्हणून. चांगलंच आहे. पण बर्थ तेवढेच राहिले, ते आधारने वाढत नाहीत. शेवटी चार्ट. तो आता पूर्वीपेक्षा बराच आधी लागतो. म्हणजे जागा नाही ही बातमी काही तास लवकर कळते; याला सुधारणा म्हणतात. तिकीट आपोआप रद्द होतं आणि परताव्यातून माणशी साठ रुपये कापले जातात. कशाचे? न दिलेल्या जागेचे! लग्नाच्या पंगतीतून उपाशी उठवून वर पत्रावळीचे पैसे मागावेत, तसला हा प्रकार.

मग माणूस विमानाकडे जातो. हौसेने नव्हे, हाकलल्यासारखा. आणि सणासुदीला विमान कंपन्या काय दयाळू असतात? मागणी दिसली की भाडं चढतं. पण त्यांना नावं ठेवायला रेल्वेला तोंड नाही. राजधानी-दुरांतोला 2016 पासून तिनेच फ्लेक्सी भाडं लावलं आहे.

मधूनच एखादा पर्यावरणाचा पाईक उठतो आणि रेल्वेने जा, कार्बन कमी होतो, असं सुनावतो. बरोबर आहे. फ्रान्सचा दाखलाही तोंडावर फेकतो. तिथे 2023 मध्ये, जिथे रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येतं अशा काही मार्गांवरची विमानं बंद केली. अहो, पण त्यांनी आधी ती अडीच तासांची रेल्वे बांधली! आपल्याकडे उपदेश आधी, रूळ नंतर.

नंतर म्हणजे किती नंतर, ते कोकणात जाऊन बघा. दऱ्या, बोगदे, दरडी यांच्याशी झुंजत साडेसातशे किलोमीटरची कोकण रेल्वे आठेक वर्षांत उभी राहिली, 1998 मध्ये पूर्ण धावू लागली. त्यानंतर पाव शतकात दुपदरी काय झालं? रोहा ते वीर. पुढे चाकरमानी क्रॉसिंगसाठी सायडिंगला थांबून समोरच्या गाडीची वाट बघतोय. त्याच्यासाठी 2021 मध्ये चिपीला विमानतळ काढला, उद्घाटनाच्या मंचावर श्रेयाची भांडणं झाली, आणि उडान योजनेचा तीन वर्षांचा टेकू निघाला तसं मुंबईचं विमान 2024 मध्ये बंद पडलं. तीन वर्षांच्या अनुदानात जे पैसे गेले ते कुणी मोजत नाही, आणि गणपतीच्या जादा गाड्यांची घोषणा मात्र दरवर्षी उपकार केल्याच्या सुरात होते.

आणि पुणे-नाशिक? तिथे रेल्वे की विमान हा वादच नाही. विमान मधे येऊन गेलं. थेट रेल्वेमार्ग कधी नव्हताच. कल्याणवरून नाहीतर मनमाडवरून वळसा घाला. 235 किलोमीटरचा वेगवान मार्ग वर्षानुवर्षं आराखड्यातच पळतोय. खोडदला दूरच्या आकाशगंगांचे क्षीण संकेत टिपणारी रेडिओ दुर्बीण आहे, तिला त्रास नको म्हणून मार्ग नगरकडे वळवायचं ठरलं. वळवा, संगमनेरला रुसवा येऊ द्या, नगरकरांना हसू द्या. पण एकदाचा तो कागदावरून जमिनीवर उतरवा. तोवर नारायणगावच्या कोंडीत एसटीतल्या उभ्या प्रवाशाला कार्बनवर व्याख्यान देऊ नका.